न मोजायचे मासे

आबा, मी नक्की काय काम करतो हे तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. तुम्ही होतात तेव्हा मी इंग्लंडात बेसिंगस्टोकला एका कंपनीत कॉम्प्युटरवर होतो. फोनवर तुम्ही विचारायचात, "काम बसून की उभ्यानं?" मी म्हणायचो, "बसून." "मग बरं," म्हणून तुम्ही फोन आईकडे द्यायचात. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी मी ती नोकरी सोडली. आता एडिनबराला असतो. काम अजूनही बसूनच आहे, पण ते समुद्राचं आहे. पृथ्वीच्या पार दक्षिणेला बर्फाचा खंड आहे, त्याच्या कडेच्या समुद्राचा एक मोठा तुकडा जगाने राखून ठेवलाय. मासेमारीच्या बोटींनी तिथे जायचं नाही. त्यातही अगदी आतला एक भाग असा आहे की तिथे आम्हीसुद्धा काही उचलायचं नाही, नुसतं ऐकायचं. तळाशी यंत्रं बांधून ठेवली आहेत. ती वरच्या दिशेने आवाज सोडतात आणि तो कशावर आपटून परत आला हे साठवून ठेवतात. तिकडच्या उन्हाळ्यात बोट जाते, यंत्रं वर काढते, आणि त्यांनी वर्षभर ऐकलेलं माझ्यापाशी येतं. माझ्या पडद्यावर तो सगळा समुद्र रंगीत ठिपक्यांचा होऊन उतरतो. हे ठिपके म्हणजे बहुतेक क्रिल. आपल्या जवळ्याची थोराड चुलत बहीण म्हणा, करंगळीएवढी. पेंग्विन, सील, देवमासे, तिकडची सगळी दुनिया तिच्यावर जगते. तर मी त्यांची मोजदाद ठेवतो. आधीच सांगून टाकतो, कारण हे ऐकून तुम्ही कपाळाला हात लावाल.

आपल्या गावच्या देवीच्या डोहावर तुम्ही मला मारलेला एकमेव धपाटा मोजण्यावरूनच होता. देवळामागच्या दगडी पायऱ्यांवर तुम्ही नैवेद्याचा भात घेऊन बसला आहात, मी तुमच्या शेजारी. मूठ पाण्यात पडते न पडते तोच खालून ते काळेसावळे मासे वर येतात, पाणी उकळल्यासारखं होतं, आणि मी बोट नाचवत सुरू होतो, एक, दोन, तीन, चार. पाठीत धपाटा बसतो. जोराचा नाही, पण भात सांडतो. "देवीची पोरं मोजतात काय रे? तुझी आई तुम्हा भावंडांना मोजते का?" मी म्हणतो, "आई भाकऱ्यापण मोजत नाही." तुम्ही हसता. "मग? मोजलं की कमी होतं." मला तेव्हा ते पटलं होतं. आपल्या गावात कुणालाच ते वेगळं सांगावं लागत नसे. खालच्या अंगाला नदीत वाटेल तेवढे मासे धरा, पण देवळाच्या ओढ्यापासून मोठ्या जांभळापर्यंतचं पाणी देवीचं. त्यात जाळं नाही, गळ नाही, पायसुद्धा नाही. गावातला सगळ्यात वांड माणूससुद्धा तिथे चप्पल काढून उभा राहायचा. इथे मुलाखतीला आल्यावर पहिल्यांदा राखीव समुद्राचा नकाशा पाहिला, त्यावर आखलेली ती रेघ पाहिली, तेव्हा माझ्या मनात आलं, अरे, हा तर आपला डोह आहे. कुणाला बोललो नाही. पण ही नोकरी मी घेतली ती त्या रेघेपायी.

आता जे झालंय ते असं. गेले काही हंगाम आतल्या भागातले ठिपके बदलत चाललेत. जिथे दाट ढग दिसायचे तिथे विरळ, पसरट काहीतरी दिसतं. याचे दोन अर्थ निघतात. एक, क्रिल खोल पाण्यात गेली असेल. दुसरा, क्रिल कमी होऊन तिच्या जागी काचेसारखे पोकळ, जेलीसारखे जीव आले असतील, ज्यांच्यावर पेंग्विनचं पोट भरत नाही. आवाजावरून या दोघांतला फरक खात्रीने कळत नाही. कळायला हवं असेल तर एकदा तिथे जाळं टाकून बघायला हवं, वर काय येतं ते. आणि कळायला हवं, कारण रेघेच्या बाहेर बोटींना किती पकडू द्यायची हे आत काय आहे त्यावर ठरतं. आत खरंच कमी झाली असेल आणि आम्ही गप्प बसलो, तर बाहेर पकडणारे म्हणणार, सगळं ठीकच आहे की. पण तिथे जाळं टाकायचं म्हणजे जिथे ते राखल्यापासून कुणी जाळं टाकलेलं नाही तिथे आपणच पहिलं टाकायचं. परवानगी मागायची की नाही हे आम्ही तिघांनी ठरवायचं होतं. आमची प्रमुख, साठीला टेकलेली इथलीच स्कॉटिश बाई, तिचं मत होय. दुसरा लीड्सकडचा गडी, दरवर्षी बोटीवर जाणारा, त्याचं मत नाही. उरलो मी.

तो लीड्सवाला मला आवडतो, आबा. तुम्हालाही आवडला असता. दाढी कधी नीट कापत नाही आणि बोलताना टेबलावर बोट आपटतो. म्हणाला, "आपणच तिथे जाळं टाकलं, तर उद्या बाहेरच्यांना कुठल्या तोंडाने अडवणार? ते म्हणतील, तुमचं जाळं ते सायन्स आणि आमचं ते पाप?" बाई म्हणाली, "आणि नाही टाकलं तर आपण एका रिकाम्या खोलीचा पहारा करत बसू, फार इमानदारीने." मग दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, विचार करतो. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा म्हटलं, विचार करतो. तिसऱ्या आठवड्यात बाई माझ्या टेबलाशी कॉफी घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तू होय-नाही म्हणेपर्यंत ती क्रिलच कंटाळून स्वतः बोटीवर चढेल." सगळे हसले, मीही हसलो. मग ती हळू आवाजात म्हणाली, "शुक्रवारी सांग. काहीही सांग, पण सांग."

मी तोवर 'नाही' लिहून ठेवलं होतं. चांगलं दीड पान. जाळं एकदाच ओढायचं, त्या एका ओढीत काय कळणार, समुद्र केवढा, नमुना केवढा, शिवाय पुढच्यांना पायंडा पडेल. प्रत्येक वाक्य खरं होतं. फक्त त्यातलं एकही माझं कारण नव्हतं. माझं कारण हे की तिथे पाय घालायचा नसतो. पण हे इथल्या मीटिंगमध्ये सांगता येत नाही. तिथे रेघ कुणी, कधी आणि कुठल्या ठरावाने आखली हे बोलता येतं. ती पाळताना आतून काय वाटतं, त्याला जागा नसते. ती दोघं वाईट माणसं नाहीत. सांगितलं असतं तर त्यांनी मन लावून ऐकलंही असतं, आणि मग फार आदराने वागले असते, आणि मला ते सोसलं नसतं.

बुधवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलो होतो. तुमची सून हॉस्पिटलमधल्या ड्यूटीवरून यायची होती. तुमची नात आली. ती सोळा वर्षांची आहे, तुम्ही तिला पाहिलं नाहीत. मराठी बोलते, पण तिच्या मराठीत नदी कधी 'तो' असते, देऊळ कधी 'ती'. माझ्यासमोर बसून ती फ्रिजमधलं दही डब्यातूनच खायला लागली.

"बाबा, तुझा चेहरा असा का झाला आहे? कोणी मेला का?"

"कोणी नाही. कामाचं आहे."

"ते नेटचा गोष्ट? अजून चालूच? एक नेट टाकायचा आहे ना फक्त?"

मी म्हटलं, "फक्त नाही." आणि मग तिला मी ते सांगितलं जे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, त्या उन्हाळ्याचं. तिला पहिल्यापासून सांगावं लागलं, म्हणून मलाही ते पहिल्यापासून दिसलं.

मी सातवीत होतो. वैशाखात पाणी पार खाली गेलं होतं आणि एका सकाळी डोहाच्या कडेला पांढरी पोटं दिसायला लागली. रोज चार-दोन. मेलेला मासा काठाला लागला की तुम्ही तो केळीच्या पानात उचलून न्यायचात आणि पुरायचात, आणि घरी येऊन जेवायचा नाहीत. कोण म्हणालं देवी कोपली, कोण म्हणालं वरच्या वाडीने काहीतरी टाकलं. मग गावाने कौल लावायचं ठरवलं. गुरव तुम्हीच, म्हणजे कौल लावणारेही तुम्हीच. तुम्ही ओल्या हाताने देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला फुलाच्या पाकळ्या चिकटवल्यात आणि गावाच्या वतीने विचारलंत, "आई, पाण्यात उतरून बघू काय, काय दुखतंय तुझ्या लेकरांना? हो असेल तर उजवा दे, नाही असेल तर डावा दे." सगळं गाव बसून राहिलं. उजवी पाकळी पडली नाही, डावीही पडली नाही. उन्हं माथ्यावर आली, पोरं रडायला लागली, म्हातारे पेंगायला लागले, पाकळ्या आपल्या जागच्या जागी. शेवटी पाटील उठून म्हणाले, "ती बोलत नाही. आपण थांबायचं." आणि माणसं पांगली.

घरी येऊन तुम्ही आईला म्हणालात ते मी ऐकलं. चुलीपाशी उकिडवे बसला होतात. "ती नाही म्हणाली नाही. गप्प राहिली. म्हणजे माझ्यावर सोडलंय." आई म्हणाली, "गप्प राहिली म्हणजे गप्प राहा, असंही असेल." तुम्ही म्हणालात, "असेल." आणि दुसऱ्या दिवशी दिवस उगवताना तुम्ही धोतराचा काचा मारून डोहात उतरलात. पायऱ्यांवर मी आणि आई. तुम्ही आधी पाण्याला हात लावून तो कपाळाला लावलात. मग कमरेपर्यंत गेलात, छातीपर्यंत गेलात. आई तोंडाला पदर लावून उभी होती. तुमच्या पुढ्यात एक मासा कलंडून तोंड उघडझाप करत होता, त्याच्या खाली तुम्ही दोन्ही हात घातलेत, न्हाऊ घातलेल्या तान्ह्या मुलाला उचलावं तसे.

जस्ताच्या बादलीत पाणी, पाण्यात तो, वर ओलं फडकं. आपण एसटीने निघालो, मासळीचं शिकवणारं कॉलेज होतं तिथपर्यंत. कंडक्टर म्हणाला, "आबा, बादलीत काय?" तुम्ही फडकं बाजूला केलंत. तो जवळच्याच गावचा होता, त्याने ओळखलं कुठला मासा आहे ते. त्याचा चेहरा उतरला. मग सावरून म्हणाला, "याचं अर्धं तिकीट काढू काय?" तुम्ही हसला नाहीत. पण त्याने पुढच्या सीटवरच्या बाईला उठवून तुम्हाला खिडकीपाशी बसवलं. मासा पोचेपर्यंत जिवंत राहिला नाही.

तिथल्या तरुण सरांनी तो कापला. ते म्हणाले होते, "काका, तुम्ही बाहेर बसा." तुम्ही म्हणालात, "नाही. मी आणलाय, मी बघतो." पोट उघडलं तर आत शिजलेला भात, खोबऱ्याचे तुकडे, आंबलेलं. सरांनी ते चिमट्याने ताटलीत काढून घेतलं. मग त्यांनी समजावून सांगितलं, की पाणी आटलंय आणि तुम्ही सगळे खायला घालताय, उरलेलं तळाशी कुजतंय, कुजताना ते पाण्यातला प्राणवायू खातंय, मासे गुदमरतायत. लोक नवस फेडायला टोपल्यांनी भात टाकत होते त्या वर्षी. मासे मरायला लागल्यावर तर जास्तच, देवीची समजूत काढायला. तुम्ही विचारलंत, "म्हणजे आमच्याच हातानं?" सर म्हणाले, "मुद्दाम नाही ना काका." तुम्ही म्हणालात, "हात आमचाच ना पण." मग तुम्ही मासा परत मागितलात. सरांना तो ठेवून घ्यायचा होता. तुम्ही म्हणालात, "हवा तेवढा ठेवा. बाकीचा माझ्याकडे द्या. त्याला घरी न्यायचाय." त्यांनी तो वर्तमानपत्रात बांधून दिला.

पुढचं मी नातीला थोडक्यात सांगितलं. तुम्ही डोहात भात टाकणं बंद केलंत, दुसऱ्यांनाही अडवायला लागलात, आणि गाव तुमच्यावर उलटलं. "गुरवा, देवीचं पोर एसटीतनं नेऊन कापून आणलंस, आणि आता तिच्या पोरांच्या तोंडचा घासपण काढतोस?" गणपतीपर्यंत लोकांनी तुमच्या हातचं तीर्थ घेतलं नाही. पळी पुढे करून तुम्ही उभे आणि माणसं नमस्कार करून तशीच खाली उतरतायत, हे मी रोज पाहिलं. पुढच्या उन्हाळ्यात मासे कमी मेले, पण काही मेलेच. त्यामुळे तुमचं खरं की गावाचं खरं, हे कधीच धड मिटलं नाही. मी कॉलेजात असताना एकदा धीर करून विचारलं होतं, "आबा, तुम्ही केलंत ते बरोबर होतं ना?" तुम्ही समईची वात पुढे करत होतात. म्हणालात, "ते देवीला ठाऊक. मी केलं, एवढं मला ठाऊक." तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही उत्तर टाळलंत.

नात दही खायची थांबली होती. तिने विचारलं, "मग तो आजोबा स्वतः गेला पाण्यात? दुसरा कोणाला नाही पाठवला?"

"नाही, स्वतःच."

"आणि तुझा समुद्रात कोण जाणार? तू?"

"मी नाही गं. बोटीवर जाणारी माणसं असतात ना, ती टाकतील जाळं. मी इथूनच..."

"ओह," ती म्हणाली. "ओके." आणि डबा फ्रिजमध्ये ठेवून निघून गेली. तिच्या मनात काही नव्हतं, आबा. तिला अभ्यास होता. मी मात्र मेथीची जुडी हातात घेऊन तसाच बसलो. इतके दिवस मी विचार करत होतो, टाकावं की टाकू नये. होय म्हटलं तरी हात दुसऱ्याचे, आणि नाही म्हटलं तरी माझे कोरडे. तुम्ही काय केलंत ते मला आयुष्यभर पाठ होतं, पण त्यातलं सगळ्यात मोठं कुठलं, ते एका सोळा वर्षांच्या मुलीने मोडक्या मराठीत दाखवलं.

गुरुवारी सकाळी देवीपुढे दिवा लावला. कपाटातच तिची जागा केली आहे, चहाच्या डब्यांच्या वरच्या फळीवर. मी तिला काही विचारलं नाही. आधीही गेले तीन आठवडे विचारत होतोच, आणि ती गप्पच होती. नुसतं सांगितलं, की मी असं असं करणार आहे.

शुक्रवारी मी ते दीड पान काढलंच नाही. म्हटलं, माझं मत होय. पण एकच ओढ, छोट्या जाळ्याची, जिथे ठिपके सगळ्यात विरळ आहेत तिथे. दरवर्षीचा रिवाज करायचा नाही. पुन्हा हवी वाटली तर पुन्हा या टेबलावर भांडायचं. आणि या वेळी बोटीवर मी जाणार. दोरीवर माझा हात असेल, आणि वर काय आलं ते मी बघणार.

बाई चष्म्यावरून बघायला लागली. "तू? गेल्या साली त्या बेटाच्या बोटफेरीवर अर्ध्या तासात तुझा रंग कसला झाला होता आठवतंय? मला वाटलं, आता याच्या घरी कळवावं लागतंय."

मी म्हटलं, "आठवतंय. गोळ्या घेईन."

"शिवाय एक ओढ म्हणजे आकड्यांच्या दृष्टीने फारच लंगडी."

"लंगडी तर लंगडी. तेवढंच मागूया."

लीड्सवाला बोट न आपटता बसला होता. मग म्हणाला, "माझं मत अजून नाहीच. तसं लिहून घ्या." ते लिहून घेतलं. मीटिंग संपल्यावर जिन्यात त्याने मला गाठलं. मला वाटलं, आता ऐकवणार. तर म्हणतो, "केबिनमध्ये खालचा बर्थ माझा. तू वरचा घे, म्हणजे तुला ओकायचं झालं तर मला आधी कळेल. आणि आल्याची बिस्किटं आण. भरपूर आण." मी विचारलं, "रागावलास?" तो म्हणाला, "हो. पण माझ्याबरोबर येऊन टाकतोयस ना, मग चालेल."

परवानगी अजून यायची आहे. कदाचित मिळणारही नाही. मिळाली आणि जाळं वर आलं, तरी त्यात जे असेल त्याने प्रश्न सुटेलच असं नाही. हे मला माहीत आहे. आणि तिथलं जे वर येईल ते मला घरी नेऊन पुरता येणार नाही. आमच्याकडे नमुने बाटल्यांत वर्षानुवर्षं राहतात, परत द्यायची पद्धत नाही. तेवढ्या बाबतीत मी तुमच्यापेक्षा कमी पडणार, ते आत्ताच सांगून ठेवतो. बरोबर करतोय का, असं आता स्वतःला विचारत नाही. तुम्ही तेव्हा उत्तर टाळलं नव्हतंत, हे मात्र कळलंय.

आज रविवार. बाहेर धुकं आहे, समोरच्या छपरावरचं धुराडंसुद्धा दिसत नाही. तुमची सून माझ्यासाठी लोकरीचे पायमोजे शोधत कपाट उपसतेय आणि तिथूनच ओरडून विचारतेय, कुणाला एवढं लिहितोयस? मी म्हटलं, कामाचं आहे. हे कुठे टाकायचं नाही, तिला दाखवायचंही नाही. दाखवलं तर ती शेवटची ओळ वाचेल.

कारण परवानगी येण्याआधीच, उद्या, बोटीवर जाणाऱ्यांचं एक प्रशिक्षण आहे, समुद्रात पडलं तर कसं वाचायचं त्याचं. लाल सूट घालून उंचावरून मोठ्या टाकीत उडी मारायला लावतात. आबा, मला पोहता येत नाही. आपल्या डोहाकाठच्या कुणालाच कुठे येत होतं? खालच्या अंगाला पाणी गुडघाभर, आणि जिथे खोल तिथे पाय घालायचा नाही, मग शिकणार कसं? पण इथे सगळ्यांना वाटतं, नदीकाठचा माणूस आहे, येतच असेल. तुमच्या सुनेलाही वाटतं. इतकी वर्षं मी तिला तसं वाटू दिलं.